खाजन शेती: बांध, मानस आणि पुराचं पाणी

जुने गोवेहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरलं की गावाकडे जाणारा रस्ता सखल शेतांमधून जातो. पहिल्यांदा येणाऱ्याला ती साधी भातशेतं वाटतात. उधाणाच्या भरतीला नदीकाठच्या बांधावर उभं राहून एकदा नदीकडे आणि एकदा शेताकडे पाहावं, मग खरा प्रकार लक्षात येतो. नदीचं पाणी शेतातल्या मातीपेक्षा उंच असतं. दोघांच्या मध्ये असतो तो चिखल-दगडाचा बांध, आणि त्या बांधात कुठेतरी एक लाकडी दार.

या जमिनीला आपण खाजन म्हणतो. मांडवी, झुआरी, म्हापशाची नदी, कुंभारजुव्याची खाडी, साळ नदी, अशा भरतीच्या पाण्याने व्यापलेल्या काठांवर कोणे एके काळी दलदल आणि खारफुटी होती. ती बांध घालून, खारं पाणी बाहेर ठेवून शेतीत आणली गेली. गोव्यात अशी जमीन साधारण १७ ते १८ हजार हेक्टर असल्याचं सांगितलं जातं. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात हा पाच टक्क्यांच्या जवळ जाणारा भाग झाला. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या जुन्या काबिजादीतल्या तालुक्यांत तर गावाचं गावपणच खाजनावर उभं होतं.

खाजनावर लिहिलं जातं ते बहुतेक शेतीची परंपरा म्हणून. कोरगूट भात, मानशीवरचे मासे, जुनी गावकरी, इत्यादी. ते सगळं खरंच आहे. पण खाजन हे मुळात पुराच्या पाण्याची सोय आहे, आणि भात हे त्या सोयीतून निघणारं पीक. ही बाजू ध्यानात घेतली नाही तर एखादं पडीक खाजन पाहून ‘इथे आता पिकत काय?’ असं विचारून आपण मोकळे होतो, आणि दोन पावसाळ्यांनी पाणी घरात का शिरलं याचं कोडं उरतं.

आधी नदीचं पाहू. मांडवी बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात उगम पावते, सह्याद्री उतरते आणि लगेच सपाटीला लागते. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घाटातलं पाणी काही तासांत खाली येतं. दुसरीकडून समुद्र वर चढत असतो. मांडवीत भरती मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेच्या आसपास जाणवते. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, भरती आणि सुकती यांतला फरक दोन मीटरहून थोडा जास्त असतो, भांगाला एक मीटरच्या आसपास. डोंगरावरचं पाणी आणि समुद्राचं पाणी एकाच वेळी समोरासमोर आलं की दोघांनाही जागा लागते. ती जागा म्हणजे काठचे सखल पट्टे.

त्या पट्ट्यांत माणसाने शेती करायची ठरवली तर पाणी कायमचं अडवून भागत नाही. बांधाने खारं पाणी बाहेर राहील, पण पावसाचं पाणीही आतच कोंडेल. बांधाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणून बांधातलं दार. त्याला आपल्याकडे मानस म्हणतात. (प्रमाण मराठीतलं ‘मानस’ म्हणजे मन. बाहेरून आलेल्या पाहुण्याला ‘मानशीचं दार मोडलं’ हे वाक्य पहिल्यांदा भलतंच काव्यमय वाटतं.)

मानशीची रचना सांगायला सोपी आहे. बांधात जांभ्या दगडाची चौकट बांधून त्यात लाकडी फळ्यांची दारं बसवतात. जुन्या मानशींना मट्टीचं लाकूड वापरत, कारण ते खाऱ्या पाण्यात टिकतं. ही दारं नदीच्या बाजूला उघडतात. सुकतीला नदीची पातळी आतल्या पाण्यापेक्षा खाली गेली की आतलं पाणी दारं ढकलून बाहेर पडतं. भरतीला नदी चढली की तिचंच पाणी दारं बाहेरून दाबून बंद करतं. दर सहा तासांनी हे आपोआप होत राहतं. रात्री दोन वाजता सुकती असली तरी कोणाला उठून जावं लागत नाही. वीज नाही, पंप नाही. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा सुकती, तेवढ्या वेळा शेताचा निचरा होतो. मधल्या काळात मुद्दाम पाणी आत घ्यायचं असेल किंवा अडवायचं असेल तर फळ्या बसवून-काढून ते करता येतं. ते काम माहीतगार माणसाचं.

बांधाचंही तसंच. नदीला थेट भिडणारा बाहेरचा बांध दगडी, किंवा निदान दगडी तोंडाचा असतो. आतले बांध चिखलाचे, त्यात पेंढा कालवलेला, कुठे लाकडी मेखा ठोकलेल्या. बाहेरच्या बाजूला तिवरांची रांग राखायची म्हणजे लाटेचा मार आधी तिच्यावर बसतो. बांधाला मोठा शत्रू लाटेपेक्षा खेकडा. खेकड्याने भोक पाडलं की भरतीचं पाणी त्यातून बारीक धारेने आत येतं, धार भोक मोठं करते आणि एखाद्या उधाणाला त्याचं भगदाड होतं. त्या दिवशी सापडलेलं भोक ओंजळभर चिखलाने बुजतं. आठवड्याने सापडलेल्याला पाटीभर माती लागते आणि महिन्याने ठेकेदार. बांध सांभाळणं म्हणजे दुरुस्तीपेक्षा रोजची पाहणी, असं जुनी माणसं सांगतात ते या हिशेबाने.

बांधाच्या आत, मानशीच्या पाठीमागे, एक खोलगट पाणथळ जागा राखलेली असते. तिला पोय म्हणतात. शेतातल्या चरांमधून उतरणारं पाणी पोयीत जमतं आणि तिथून मानशीबाहेर जातं. पोय भरून टाकून तिथे शेत किंवा घर करायचा मोह प्रत्येक पिढीला झाला असणार, कारण वर्षातले सात-आठ महिने ती जागा नुसती पाण्याखाली असते. जुन्या व्यवस्थेने ती राखली, यामागे सौंदर्यदृष्टी वगैरे काही नसून सरळ हिशेब होता. तो हिशेब करून पाहू.

समजा १०० हेक्टरचं एक खाजन आहे. त्यात सरासरी एक फूट, म्हणजे ३० सेंटिमीटर पाणी काही तास उभं राहू शकतं. हे झालं ३ लाख घनमीटर, म्हणजे ३० कोटी लिटर. जुलैतल्या एखाद्या दिवशी भरती आणि मुसळधार पाऊस एकदम आले की मानशीची दारं बंद असतात आणि डोंगरउतारावरून येणारं पाणी या तीस कोटी लिटरच्या भांड्यात थांबतं. सुकती लागते, दारं उघडतात, भांडं रिकामं होऊ लागतं. भाताला असं तात्पुरतं बुडणं सोसतं. घराला सोसत नाही. हेच खाजन निम्मं भरावाने उचललं तर भांडं निम्मं झालं. पाऊस मात्र तेवढाच पडणार, आणि भरतीही तेवढीच चढणार. उरलेलं पाणी उरलेल्या निम्म्या खाजनात जास्त उंचीने चढतं, बांधावरून जातं किंवा मागच्या वाड्यावर.

वर्षाचं चक्र असं. पहिल्या पावसांत शेतात साचलेलं मीठ धुऊन निघतं. ते धुतलेलं पाणी सुकतीला बाहेर सोडायचं, पुन्हा पावसाचं घ्यायचं, पुन्हा सोडायचं. मग मोड आणलेलं बी पेरायचं. खाजनात एकच पीक निघतं, सरदाचं म्हणजे पावसाळी. वायंगण घ्यायला गोडं पाणी हवं, ते इथे नसतं. बी मुख्यतः कोरगूट. आसगो आणि इतर जातीही होत्या. कोरगूट उंच वाढतं, त्याच्या लोंबीला लांब कूस असतं, उत्पन्न बेताचं. पण खार आणि तुंबलेलं पाणी दोन्ही ते सहन करतं आणि त्याला फारसं खत लागत नाही. जुने गोवे इथल्या केंद्रीय कृषी संशोधन संस्थेने याच कोरगूटावर काम करून ‘गोवा धान’ या नावाने खार सोसणाऱ्या नव्या जाती दिल्या आहेत, त्यांचं उत्पन्न जुन्या कोरगूटापेक्षा बरंच जास्त आहे.

कापणी झाली की नदीचं पाणी पुन्हा खारं होत जातं. तेव्हा काही ठिकाणी मानशीतून बेताने पाणी आत घेऊन मासळी वाढवायची, काही पट्ट्यांत मिठागरं चालवायची. पेडण्यातलं आगरवाडा हे गावाचं नावच मिठाच्या आगरांवरून आलेलं. मानशीच्या तोंडाला जाळं लावलं की सुकतीच्या धारेबरोबर सुंगटं, शेवटे, काळुंदर, खेकडे आयते येतात. उधाणाचे दिवस यासाठी उत्तम. मानशीवर मासे धरायचा हक्क गाव पावणी करून देत असे, आणि ते पैसे बांधावर खर्च होत. मानशीने पाणी बाहेर काढावं, त्या पाण्यातून मासे मिळावेत, माशांतून बांध दुरुस्त व्हावा आणि बांधामुळे भात यावं, अशी ही साखळी. तिचा एक दुवा ढिला झाला की बाकीचे फार दिवस तग धरत नाहीत.

हे किती जुनं? बांदिवडे इथे सापडलेला कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्म्याचा ताम्रपट साधारण सहाव्या शतकाच्या आसपासचा धरतात. त्यात ‘खज्जन’ जमिनीचं दान आहे आणि समुद्राचं पाणी बांध घालून अडवून ती लागवडीखाली आणण्याची गोष्ट आहे. म्हणजे शब्द आणि तंत्र दोन्ही निदान चौदाशे वर्षांची. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांना ही व्यवस्था उभीच मिळाली. १५२६ साली आफोंसो मेशिया याने तिसवाडीच्या गावांचे रीतिरिवाज लेखी नोंदवले, तो ‘फोराल’ म्हणून प्रसिद्ध आहे. नव्या सत्तेला महसूल हवा होता, आणि महसूल हवा तर बांध उभा हवा, हे तिला लवकर कळलं. देवळं पाडली गेली त्या तालुक्यांतही गावकऱ्या टिकल्या. त्यांनाच पुढे कोमुनिदाद हे नाव पडलं.

गावकरीचा कारभार साध्या क्रमाने चाले. जमीन सामाईक. ती पावणीने कसायला द्यायची. आलेल्या उत्पन्नातून आधी सरकारदेणं, मग बांध-मानस, गावाचे इतर खर्च, आणि शेवटी उरलं तर गावकऱ्यांना वाटा, म्हणजे जोण. बांधाचा खर्च वाट्याच्या आधी येई, ही त्यातली ग्यानबाची मेख. ज्याला जोण हवा त्याला आधी बांध उभा राहिलेला हवा. याशिवाय खाजनांत ज्यांच्या जमिनी होत्या त्यांचे ‘भौस’ नावाचे संघ असत आणि प्रत्येकाने जमिनीच्या प्रमाणात बांधाचा भार उचलायचा असे.

या व्यवस्थेचं गुणगान करताना आपण एक गोष्ट सहसा विसरतो. जोण मिळे तो मूळ गावकरी घराण्यांतल्या पुरुषांना. गुडघाभर चिखलात उभं राहून बांध घालणारे, मध्यरात्री भगदाड बुजवायला धावणारे गावडे-कुणबी आणि इतर कष्टकरी यांना त्यात वाटा नव्हता. तंत्र त्यांच्या हातात होतं, हिशेबाची वही दुसऱ्यांच्या. त्यामुळे गोवा मुक्त झाल्यावर १९६४ चा कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा जमिनीचा मालक झाला, तेव्हा त्यात अन्याय झाला असं मला म्हणवत नाही. न्याय उशिरा आला इतकंच.

अडचण वेगळी झाली. जमीन वाटता येते, बांध वाटता येत नाही. शंभर कुळांना शंभर तुकडे मिळाले, पण नदीकाठचा बांध सगळ्यांचा एकच राहिला. कोमुनिदादींचं उत्पन्न आणि अधिकार आटले. बांधाची जबाबदारी कुळांच्या संघांवर आली, त्यासाठी १९७५ साली नियमही झाले होते, आणि मानशीच्या पावणीचे पैसे संघांकडे जाऊ लागले. काही गावांत संघ चांगले चालले, आजही चालतात. पण अनेक ठिकाणी पुढची पिढी नोकरीला गेली, शेत पडीक राहिलं, आणि ज्याचं शेत पडीक त्याला बांधाच्या भोकाची काळजी कशाला? शेजाऱ्याने मात्र पेरलेलं असतं. पाणी पडीक आणि पेरलेलं असा भेद करत नाही.

त्यात मासळीचा भाव वाढला. मानस घेणाऱ्याने पावणीत मोठी रक्कम मोजलेली असते, ती त्याला एका वर्षात वसूल करायची असते. सुंगटं हवीत तर खारं पाणी आत हवं, जास्त वेळ हवं, पावसाळ्यातही हवं. भात करणाऱ्याला नेमकं उलटं हवं. पूर्वी दोघांचा मालक एकच गाव होता, म्हणून मानस कधी उघडायची याचा निर्णय एकाच ठिकाणी होई. आता दाराची किल्ली एकाकडे आणि शेत दुसऱ्याकडे अशी स्थिती आहे. दारात जाळं अडकवल्याने फळ्या नीट मिटत नाहीत, पाण्याचा जोर वाढून मानशीचा पायाच खचतो, बांध फुटतात. फुटलेला बांध काहींच्या सोयीचा असतो हे गावोगाव उघडपणे बोललं जातं. नदीतून खनिजाच्या बार्जेस धावत होत्या त्या काळात त्यांच्या लाटांनी बांध खचल्याच्या तक्रारीही मांडवी-झुआरीच्या काठी सतत होत्या.

एकदा भगदाड पडलं आणि दोन-तीन वर्षं तसंच राहिलं की खाऱ्या पाण्याबरोबर तिवराचं बी आत येतं. बघता बघता शेताचं तिवराचं रान होतं. पक्षी येतात, फोटो निघतात. खारफुटी कायद्याने संरक्षित आहे, आणि ते योग्यच आहे. पण मग शेतकऱ्याला बांध दुरुस्त करून शेत परत घ्यायचं तर ती तिवरं तोडता येत नाहीत. बांधाच्या बाहेर जे झाड बांधाचं रक्षण करी, तेच आत आल्यावर शेतावर कायमचं बसतं. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत गोव्यातल्या खाजनांचा वेगळा उल्लेख आहे: त्यांचे नकाशे करावेत, व्यवस्थापन आराखडा करावा, तिथे विकासकामांना परवानगी देऊ नये. कागदावर याहून जास्त काय मागणार? पण खाजन ही न छेडता ठेवायची वस्तू नाही. तिला हात लावला नाही तर ती मरते. पुतळा जपणं आणि मानस जपणं यांत हा फरक आहे.

भरावाचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. १६३०च्या दशकात व्हाइसरॉय कोंद द लिन्यारिश याच्या काळात पणजी ते रायबंदर हा लांबलचक दगडी रस्ता पाणथळ जागेतून बांधला गेला, आणि त्याला पाणी इकडून तिकडे जाऊ देणाऱ्या कमानी ठेवल्या गेल्या. पणजी १८४३ साली अधिकृत राजधानी झाली ती मुळात सखल जागा भरून वसवलेली. मुक्तीनंतर पाटोच्या पाणथळीवर बसस्थानक आणि कार्यालयं उभी राहिली. जोरदार पाऊस आणि भरती एका वेळी आली की १८ जून रस्त्यावर पाणी का चढतं, याचं उत्तर अर्धं गटारांत असेल, पण उरलेलं भरतीच्या वेळापत्रकात आहे. नदीच उंच असते तेव्हा गटार कितीही साफ असलं तरी पाणी जाणार कुठे? त्याने सहा तास थांबायचं कुठे, एवढाच प्रश्न असतो. कोकण रेल्वेच्या मार्गावरून नव्वदीच्या सुरुवातीला गोव्यात आंदोलन पेटलं, त्यातला एक मोठा आक्षेप हाच होता की खाजनांतून उंच भराव गेला तर पाण्याच्या वाटा तुटतील. त्या वेळी कित्येकांना तो रेल्वेविरोधाचा बहाणा वाटला होता.

फोंडा तालुक्यात झुआरीकाठी दुर्भाट गाव आहे. तिथली मंडळी पौष महिन्यात अमावास्येला खाजनात जातात, चिखलाची एक मोठी मगर घडवतात, शिंपल्यांनी सजवतात आणि तिची पूजा करतात. मांगे थापणी म्हणतात तिला. कुंभारजुव्याच्या खाडीत आजही मगरी आहेत, आणि बांधावर रात्री-अपरात्री काम करणाऱ्याला त्यांच्याशी जमवून घेणं भाग होतं. ज्या चिखलाने बांध बांधायचा, त्याच चिखलाची मगर. पूजा झाली की ती तिथेच सोडून देतात.

आपल्या गावच्या बांधाच्या प्रत्येक तुकड्याला नाव असतं, मानशीलाही असतं. जुन्या गावकऱ्यांची कितीतरी कागदपत्रं पणजीच्या पुराभिलेखात आहेत, पण ही नावं त्यांत सगळी सापडतील असं नाही. ती बांधावर रोज चालणाऱ्या माणसांच्या तोंडी आहेत, आणि ती माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी या पावसाळ्याआधी एका सुकतीला वही घेऊन त्यांच्याबरोबर बांधावरून चालून यावं. उधाणाचा दिवस निवडावा, म्हणजे मानस उघडताना दिसेल.